टायमिंग बेल्ट बदलणे

टायमिंग बेल्ट हा मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारा, आतल्या बाजूस दाते असलेला रबरी पट्टा होय. पिस्टनची (दट्ट्याची) हालचाल आणि झडपांची उघडझाप यांचा मेळ हा पट्टा राखतो. त्याचे आयुष्य मर्यादित असल्यामुळे ठरावीक किलोमीटर अथवा ठरावीक वर्षे झाल्यावर तो बदलावा लागतो. हे काम सामान्यतः गॅरेजमध्ये केले जाते. तथापि योग्य हत्यारे, त्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका आणि पुरेसा वेळ असल्यास अनेक मोटारींच्या बाबतीत ते घरीही करता येते. या कामातील खरी कसोटी पट्टा काढण्यात नसून, नवा पट्टा चढवताना क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ एका दात्यानेही चुकू न देण्यात आहे.

रचना व कार्य

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. त्यासाठी कॅमशाफ्टच्या पुलीवर क्रँकशाफ्टच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते असतात. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते.

पट्ट्याच्या रबरात काचतंतूंच्या दोऱ्या गुंफलेल्या असतात, त्यामुळे तो ताणला जात नाही. दात्यांवर झीज रोखणारे नायलॉनचे कापड असते. पट्टा योग्य ताणात ठेवणाऱ्या फिरत्या चाकास टेन्शनर म्हणतात. अनेक इंजिनांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तर काही डिझेल इंजिनांत इंधन पुरवणारा पंपही त्यावरच चालतो.

इतिहास

पूर्वी हे काम दातेरी चाके किंवा लोखंडी साखळी करीत असे. दातेरी पट्टा असलेली मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली पहिली मोटार म्हणून जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १९६२ सालच्या ग्लास १००४ चा उल्लेख केला जातो. अमेरिकेत पाँटियाकने १९६६ सालच्या आपल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात, तर इटलीत फियाटने त्याच वर्षी आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेल्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात पट्टा वापरला. पट्टा साखळीपेक्षा हलका, कमी आवाजाचा व स्वस्त असतो आणि त्याला वंगण लागत नाही. त्यामुळे पुढील दशकांत त्याचा सर्वत्र प्रसार झाला.

भारतात मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि पुण्याजवळ पिंपरी येथे तयार होणाऱ्या टाटा इंडिकाचे १.४ लिटरचे डिझेल इंजिन पट्ट्यावर चालणारे होते. याउलट मारुतीची के मालिकेतील पेट्रोल इंजिने व स्विफ्टसारख्या मोटारींतील १.३ लिटरचे डिझेल इंजिन यांत साखळी असते. म्हणून आपल्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, हे आधी पुस्तिकेत पाहणे आवश्यक ठरते.

बदलण्याची वेळ

बदलण्याची मुदत इंजिनानुसार वेगळी असते. साधारणपणे ती ६०,००० ते १,५०,००० किलोमीटरच्या दरम्यान असते व तिला वर्षांचीही मर्यादा जोडलेली असते. या दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळावयाची असते. मोटार फारशी चालवली नाही तरी उष्णतेने व काळाने रबर कडक होते आणि त्याला चिरा पडतात. तेलगळतीमुळे पट्टा फुगतो. टेन्शनरचे किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग अडकल्यास चांगला पट्टाही तुटू शकतो.

साखळी सैल झाली की बहुधा खडखडाट करून सूचना देते. पट्टा मात्र अनेकदा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. ज्या इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन यांना एकच जागा वापरावी लागते, त्यांत पट्टा तुटताच पिस्टन झडपांवर आदळतो. झडपा वाकतात, क्वचित पिस्टनही फुटतो आणि दुरुस्तीचा खर्च पट्टा बदलण्याच्या खर्चाच्या कित्येक पट होतो. ज्या इंजिनांत या दोहोंमध्ये पुरेसे अंतर राखलेले असते, ती केवळ बंद पडतात. अर्थात भरधाव वाहतुकीत इंजिन बंद पडणे हेही धोक्याचेच असते.

पूर्वतयारी

केवळ पट्टा न आणता टेन्शनर व मधली चाके यांसह पूर्ण संच आणणे श्रेयस्कर असते. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असल्यास तोही त्याच वेळी बदलतात, कारण पुढे तो निकामी झाल्यास सर्व खोलाखोल पुन्हा करावी लागते. जॅक, भक्कम टेकू, बॉक्स पान्यांचा संच, टॉर्क रेंच आणि पांढरा रंग ही मुख्य साधने होत. काही इंजिनांना क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट जागच्या जागी अडकवून ठेवणाऱ्या खास पिना लागतात.

इंजिन पूर्ण थंड असावे. मोटार सपाट व टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागील चाकांना अडसर लावावा आणि बॅटरीची ऋण तार काढावी. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही जाऊ नये. वजन टेकूंवर घ्यावे.

कृती

इंजिनागणिक तपशील बदलत असला, तरी आडव्या बसवलेल्या इंजिनात कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. पट्ट्याच्या बाजूचे पुढील चाक व आतील संरक्षक पत्रा काढतात. अल्टरनेटर इत्यादी फिरवणारा बाहेरचा पट्टा उतरवतात.

२. इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार देतात आणि आड येणारा इंजिनाचा माउंट सोडवतात.

३. क्रँकशाफ्टच्या पुलीचा बोल्ट सैल करतात. हा बोल्ट अतिशय घट्ट असतो. तो सोडवताना इंजिन रोखून धरण्यासाठी टायमिंगच्या पिनांचा वापर करू नये. त्या पिना तेवढा जोर सहन करण्यासाठी नसतात. नंतर पुली व पट्ट्यावरील झाकणे काढतात.

४. क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवतात आणि पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वोच्च बिंदूवर आणतात. स्पार्क प्लग काढलेले असल्यास इंजिन सहज फिरते. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि असल्यास इंधन पंप, या सर्वांवरील खुणा पुस्तिकेप्रमाणे जुळल्याची खात्री करून त्यांवर पांढरा रंग लावतात व छायाचित्र घेऊन ठेवतात.

५. टेन्शनर सैल करून जुना पट्टा उतरवतात. यानंतर नवा पट्टा चढेपर्यंत क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट फिरवू नये.

६. तेलगळती आढळल्यास ऑइल सील बदलतात. नवा पंप व टेन्शनर बसवतात.

७. नव्या पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवतात. पट्टा दुमडू नये, उलटा वळवू नये किंवा त्याला तेल लागू देऊ नये. क्रँकशाफ्टच्या पुलीपासून आरंभ करून टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवत पट्टा चढवतात व टेन्शनरपाशी शेवट करतात. मग पुस्तिकेत सांगितलेला ताण देतात.

पडताळणी

पट्टा चढवल्यावर पिना लावलेल्या असल्यास त्या काढून क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात. दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होत असल्याने सर्व खुणा पुन्हा आपापल्या जागी यावयास हव्यात. एकाच फेऱ्यावर थांबल्यास क्रँकशाफ्टची खूण जुळते, पण कॅमशाफ्टची खूण नेमकी विरुद्ध बाजूस असते, त्यामुळे नवख्या माणसाची फसगत होते.

फिरवताना कठीण अडथळा जाणवल्यास जोर न लावता तेथेच थांबावे, कारण झडप पिस्टनला टेकलेली असण्याची शक्यता असते. हाताने फिरवताना ही चूक बहुधा नुकसान होण्याआधी लक्षात येते; स्टार्टरने इंजिन फिरवल्यास झडप वाकल्यावरच कळते. म्हणून ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नये.

एका दात्याची चूक किरकोळ नसते. क्रँकशाफ्टच्या पुलीवर २० दाते असतील, तर एक दाता म्हणजे क्रँकशाफ्टचे १८ अंश होत. एवढ्या फरकाने इंजिन अडखळते, त्याची शक्ती घटते आणि काही इंजिनांत झडपांना धोका पोहोचतो.

खुणा जुळल्यावर सर्व भाग उलट क्रमाने बसवतात. पुलीचा बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेतील मापाइतकाच आवळतात. अनेक इंजिनांत हा बोल्ट एकदाच वापरण्याचा असतो व तेथे नवाच घालावा लागतो. शेवटी कूलंट भरून त्यातील हवा काढतात. काढलेले कूलंट विषारी व चवीला गोडसर असते. कुत्री-मांजरे ते पिऊ शकतात, म्हणून ते गटारात वा अंगणात न ओतता बंद डब्यात साठवून योग्य विल्हेवाटीसाठी द्यावे. पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटरची नोंद इंजिनाजवळ चिकटवून ठेवण्याची पद्धत आहे. मोटार विकली गेल्यास पुढील मालकास तिचा उपयोग होतो.

मर्यादा

काही इंजिनांतील पट्टा तेलातच फिरतो. फोर्डचे १ लिटरचे इकोबूस्ट इंजिन हे त्याचे उदाहरण होय. अशा इंजिनांत बरीच अधिक खोलाखोल करावी लागते. खास पिनांची गरज असलेली डिझेल इंजिने आणि ज्यांची दुरुस्ती-पुस्तिका उपलब्ध नाही अशी इंजिनेही घरी उघडू नयेत. खुणांविषयी शंका उरल्यास इंजिन सुरू न करता अनुभवी मेकॅनिकला घरी बोलावून खुणा दाखवणे सुरक्षित असते.