पेशीतील पाठराखीण

पूर्वी शिरूरची लेक लग्न होऊन दौंडला निघाली, की तिच्यासोबत एखादी जाणती पाठराखीण जात असे. नव्या घरी मुलगी रुळेपर्यंत तिला सांभाळणे, एवढेच तिचे काम. आपल्या शरीरातील पेशीपेशीतही अशा पाठराखिणी आहेत. विज्ञान त्यांना ‘शॅपरॉन प्रथिने’ म्हणते.

प्रथिन प्रथम लांब साखळीच्या रूपात तयार होते. तिला योग्य घड्या पडल्या, तरच ते कामाचे. उष्णतेने वा आजाराने घडी विसकटू लागली, की शॅपरॉन ती सावरतात. इटालियन शास्त्रज्ञ फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये नोंदविले, की तापमान वाढताच फळमाशीच्या पेशींतील ठरावीक जनुके एकाएकी जागी होतात. त्यांतून घडणारी ‘हीट शॉक प्रथिने’ १९७४ मध्ये ओळखली गेली. वैशाखाच्या उन्हात भीमाकाठच्या शेतात राबणाऱ्याच्या पेशींनाही हीच प्रथिने तारतात.

कर्करोगात मात्र हा सद्गुणच घातक ठरतो. कर्कपेशीतील अनेक प्रथिने सदोष असतात. एरवी पेशी ती मोडीत काढते. परंतु ‘एचएसपी ९०’ ही पाठराखीण सज्जन-दुर्जन असा भेद करीत नाही. ती अपराधावरही पांघरूण घालते. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीला अविरत वाढीचा आदेश देणारे ‘हर-२’ प्रथिन तिच्याच आधाराने टिकते.

मग हा आधारच काढून घेतला तर? मातीतील जिवाणूंपासून मिळालेले जेल्डानामायसिन ‘एचएसपी ९०’ला जखडते, हे १९९४ मध्ये उमगले; पण ते यकृताला अपायकारक निघाले. निरोगी पेशींनाही पाठराखीण हवीच असते, हीच खरी अडचण. अखेर २०२२ मध्ये जपानने पचनमार्गातील एका दुर्मीळ गाठीसाठी ‘पिमिटेस्पिब’ला मान्यता दिली.

संशोधन पुढे जात राहील. परंतु कर्कपेशींना जितका काळ मिळेल, तितके त्यांचे दोष या पांघरुणाखाली साचत जातात. म्हणून स्तनातील गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम संकोचापोटी लपवू नये, काढ्यांच्या भरवशावर महिने दवडू नयेत. दौंडहून रेल्वेने, शिरूरहून महामार्गाने पुणे दूर नाही. पेशीतील पाठराखीण पांघरूण घालते ते अजाणता; कुटुंबाने जाणूनबुजून दुखण्यावर पांघरूण घालू नये.