नाटकाचा तास जूनपासून

आपल्या बहुतेक माध्यमिक शाळांत नाटक डिसेंबरात उगवतं आणि स्नेहसंमेलन आटोपलं की मावळतं. पाठांतर चांगलं असलेल्या सात-आठ जणांना भूमिका मिळतात, उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. माझ्या मते नाटक शिकवायचं तर जूनपासून, आठवड्याला एक तास, अख्ख्या वर्गाला आणि शाळेतल्याच शिक्षकाने शिकवावं. 2015 साली अमेरिकेत 1985 ते 2012 या काळातल्या 47 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नाट्याच्या अंगाने शिकवल्यास मुलांचं शिकणं सुधारतं, हे त्यात दिसलंच. शिवाय पाच तासांहून जास्त चाललेल्या उपक्रमांचा परिणाम मोठा होता, आणि बाहेरून बोलावलेल्या कलावंतापेक्षा वर्गावरच्या शिक्षकाने किंवा संशोधकाने घेतलेल्या तासांचाही. आपली संमेलनाची रीत नेमकी याच्या उलटी आहे.

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या मासेमारीच्या गावात या तासांचा वर्षभराचा क्रम शोधायला लांब जावं लागत नाही. शाळा उघडते तेव्हा पावसाळी मासेमारीबंदी चालू असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ब्रिटनच्या डोरोथी हीथकोट यांच्या पद्धतीत शिक्षक स्वतःच एक भूमिका घेऊन वर्गात येतो. इथे बाई मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकारी होऊन आल्या आणि नववीचा वर्ग तांडेल, खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, बर्फवाला झाला, तर बंदी पाळायची की नाही यावर संहितेवाचून तासभर नाटक होईल. ज्याला तांडेलाची बाजू पटते त्याला मुद्दाम अधिकाऱ्याची बाजू मांडायला लावावी. खरं शिक्षण तिथे आहे. गणपतीत जाखडी या लोकनृत्यातले शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवालजवाब कानावर असतात, तेव्हा उत्स्फूर्त उत्तराचा सराव घ्यावा. दिवाळीनंतर मुलांनी स्वतः प्रवेश लिहावा. शिमग्याच्या सुमारास नमन-खेळे या कोकणातल्या लोकनाट्याकडे वळावं: गवळणीतल्या मावशीच्या जागा आयत्या वेळी कशा भरल्या जातात, संकासुराचं सोंग प्रेक्षकांत शिरून काय साधतं, हे पाहावं.

मग गावात हे आहेच, शाळा कशाला, असं कोणी विचारेल. पण परंपरेने नमनात गवळणही पुरुषच होत आले. मुलींना ही जागा शाळाच देऊ शकते. हे खेळ देवाच्या पालखीशी जोडलेले आहेत, ते वर्गात आणू नयेत, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. म्हणून शाळेने विधीला हात न लावता फक्त रंगतंत्र घ्यावं. तसं केलं तर मुसलमान मोहल्ल्यातल्या मुलालाही बिचकायचं कारण उरणार नाही.

दहावीचं काय, हा प्रश्न राहतोच. नाटकाने बुद्धी वाढते असं सांगून ते पालकांच्या गळी उतरवू नये. टोरांटोत सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभराच्या नाट्यवर्गाने बुद्ध्यंकात वेगळी भर पडली नाही; सामाजिक वागणूक मात्र सुधारली. ती मुलं लहान होती, त्यामुळे हा निष्कर्ष नववीला जसाच्या तसा लावता येत नाही. अभ्यासातला फायदा हवा असेल तर नाटक मराठीच्या किंवा विज्ञानाच्या धड्यात मिसळावं लागतं, असं तो 47 अभ्यासांचा आढावा सुचवतो. वेळेची तक्रार मला फारशी पटत नाही. संमेलनाच्या तालमींपायी डिसेंबरात जे तास बुडतात, तेच वर्षभर वाटून घेतले तरी बरंच काम भागेल.