पावसाळा ओसरला, पिकअपच्या डिफरन्शियलमधील तेल पाहिले का?

कर्जत आणि खोपोलीच्या मध्ये, बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरी वसले आहे. मुंबई-पुणे लोहमार्गाला येथूनच खोपोलीचा फाटा फुटतो आणि मुख्य मार्ग घाट चढू लागतो. घाट चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात, हे मुंबईकरांना चांगले ठाऊक आहे. तेवढ्या वेळात वडा खाऊन घेण्याची सवयही अनेकांना आहे. मात्र याच परिसरातून भाजी, पेंढा, विटा किंवा बांधकामाचे साहित्य घेऊन निघणाऱ्या पिकअपला मागून लोटणारे कोणी नसते. चढणीवर तिचा सारा जोर मागच्या आसावर येतो. त्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. आतील दातेरी चाके, बेअरिंगे आणि दोन लिटरच्या आगेमागे तेल, एवढ्यावर ही गाडी चालते.

या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाचे ऑईल बहुतेक चालक न चुकता बदलतात. डिफरन्शियलचे मात्र आवाज येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आवाज आला तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तेल बदलण्याचा खर्च शेकड्यांत असतो, तर क्राऊन-पिनियनचा संच आणि बेअरिंगे बदलण्याचा हजारोंत. शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी राहते ते दिवस बुडतात ते वेगळेच. गाडी उभी राहते, तिचा हप्ता उभा राहत नाही.

हा प्रश्न केवळ पिकअपवाल्यांचा नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा किंवा ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या आसावरही असाच गोळा असतो. स्विफ्ट, वॅगन आर अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते आणि त्याला वेगळे तेल लागत नाही. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची, हे शहरातील अनेक मोटारमालकांना सांगता येत नाही.

बैलगाडी, रेल्वे आणि पिकअप

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी पूर्ण उलट दिशेला वळवली, तर बाहेरचे चाक सुमारे ४.४ मीटर जास्त धावते. वळण मोठे असो वा छोटे, हा फरक तेवढाच राहतो. बैलगाडीला याची अडचण कधी आली नाही, कारण तिचा आस स्थिर असून दोन्ही चाके त्यावर मोकळी फिरतात. ओढण्याचे काम बैल करतात. चाकांना केवळ फिरायचे असते आणि त्यासाठी वंगण पुरते.

रेल्वेची दोन्ही चाके आसावर घट्ट बसवलेली असतात, म्हणजे दोन्ही एकाच गतीने फिरतात. तेथे तोड काढली आहे ती चाकाच्या आकारातून. चाकाची कड किंचित उतरती असते. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकली की बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर धावते. तीव्र वळणावर ही सोय अपुरी पडते आणि चाके रुळांवर करकरतात.

पिकअपची अडचण या दोहोंपेक्षा वेगळी आहे. तिच्या मागच्या चाकांना इंजिनाचा जोरही हवा असतो आणि वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभाही. फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावरील उपायाचे पेटंट घेतले. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे धावू लागली, त्याच्याही तीन दशकांहून अधिक आधीची ही गोष्ट. इंजिनाकडून आलेला दांडा पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक फिरवतो. पिनियन क्राऊन नावाचे मोठे चाक फिरवते. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आणखी छोटी दातेरी चाके असतात. गाडी सरळ धावत असताना ती पिंजऱ्याबरोबर नुसती गरगरतात. वळणावर मात्र स्वतःभोवतीही फिरू लागतात आणि एका चाकाची जेवढी गती कमी होते तेवढी दुसऱ्याला देतात.

या रचनेचा एक तोटा भातखाचराच्या कडेला गाडी फसलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. एक चाक चिखलात वेड्यासारखे फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे ढिम्म हलत नाही. अशा वेळी फिरणाऱ्या चाकाची गती क्राऊनच्या दुप्पट होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तर पिंजऱ्यातील छोटी चाके तापतात, झिजतात आणि त्यांचा धातू तेलात उतरतो. त्यापेक्षा चाकाखाली दगड-फांद्या घालून गाडी बाहेर काढणे पुष्कळ स्वस्त पडते.

उतरलेला हा धातू जातो कोठे? कोठेच नाही. इंजिनात तेल गाळणारा फिल्टर असतो, तेलाचा दाब कमी झाला तर लाल दिवा लागतो. डिफरन्शियलमध्ये सहसा फिल्टर नसतो, पंप नसतो, दिवाही नसतो. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तो तेल वर उडवतो, एवढीच व्यवस्था. त्यातही बहुतेक पिकअपमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेले असते. त्यामुळे दाते एकमेकांवर टेकत नाहीत, तर दाबाखाली घसरत जातात. साधे तेल अशा दाबात टिकत नाही. म्हणून गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने मिसळलेले गिअर ऑईल वापरतात. त्याचा उग्र वास येतो तो गंधकाचाच.

दुकानात जाऊन केवळ ‘नव्वद नंबर’ मागून भागत नाही, ते यासाठीच. नव्वद हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. दाब सोसण्याची क्षमता सांगत नाही. ती डब्यावरील ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ या खुणेवरून कळते. अशा डिफरन्शियलला सामान्यतः ‘जीएल-५’ लागते. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतले तर काही गाड्यांतील पितळी भागांना ते बाधते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दोन्हींचा स्पष्ट उल्लेख असतो. ती पुस्तिका बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नसते, हा भाग निराळा.

पाणी आत शिरते कसे?

तेल किती किलोमीटरनंतर बदलावे, याचे उत्तर गाडीगणिक बदलते. काही गाड्यांत ४० हजार, तर काहींत त्याहून बरेच अधिक अंतर दिलेले असते. मात्र पाण्यातून गेलेल्या गाडीला हा हिशेब लागू होत नाही, आणि कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पाणी टाळणे अवघड आहे. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली उतरतो. ओढ्यांवरचे सखल पूल आणि मोऱ्या पाण्याखाली जातात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, ती याच खोऱ्यात.

भरलेली पिकअप घाट चढून-उतरून येते तेव्हा डिफरन्शियल हाताला चटका बसेल इतके तापलेले असते. आतील हवा बाहेर पडावी म्हणून गोळ्यावर किंवा आसाच्या नळीवर ब्रीदर नावाची बारीक झडप असते. तापलेला गोळा अचानक गार पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते. ८० अंशांवरून ती ३० अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे एक सप्तमांशाने घटते. ती पोकळी भरण्यासाठी ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या ऑईल सीलमधून पाणी आत ओढले जाते. इंजिन बंद पडले नाही म्हणून चालक निर्धास्त राहतो, पण तेलात मिसळलेले पाणी बेअरिंगांवर गंज चढवू लागलेले असते. चाकाची वाटी बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर महिना-किलोमीटर न पाहता तेल तपासावे. दिवाळीनंतर वीटभट्ट्या आणि बांधकामे सुरू होऊन भाडी वाढण्याआधी हे काम उरकलेले बरे.

आधी वरचा बोल्ट, मग खालचा

तेल बदलण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. दहा-पंधरा मिनिटे चालवून गाडी सपाट जागी उभी करावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येते. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. रिकामी पिकअप पुरेशी उंच असल्याने ती उचलण्याची बहुधा गरजच पडत नाही. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम लोखंडी स्टँड हवेतच. मऊ जमिनीत जॅक रुततो आणि गाडी कलंडते. पावसाने भिजलेल्या अंगणात तर हा धोका अधिकच.

गोळ्याला दोन बोल्ट असतात : बाजूला तेल भरण्याचा आणि तळाशी तेल सोडण्याचा. घाईत हात तळाच्या बोल्टकडे जातो. चूक होते ती तेथेच. जुने तेल वाहून गेल्यावर वरचा बोल्ट गंजून बसल्याचे लक्षात आले, तर नवे तेल घालायला वाट उरत नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा. तो निघत असेल तरच तळाचा खोलावा. तेल गरम असते, तेव्हा तोंड बाजूला ठेवून खाली पसरट भांडे धरावे.

बाहेर आलेले तेल म्हणजे गोळ्याच्या प्रकृतीचा अहवालच. ते दुधाळ, ताकासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. काळेभोर आणि करपट वासाचे असेल तर ते फार तापले आहे. अनेक गाड्यांत तळाच्या बोल्टला चुंबक असते. त्यावर राखाडी लेप साचलेला असणे ही सामान्य झीज. चिमटीत धरता येतील असे धातूचे तुकडे मात्र दात तुटल्याचे किंवा बेअरिंग फुटल्याचे लक्षण होय. तेथे नवे तेल ओतून गाडी पुन्हा भाड्याला लावण्यात अर्थ नाही. गोळा खोलावाच लागतो. पिनियनचे बेअरिंग जाम झाले तर मागची चाके धावत्या गाडीत अडकू शकतात, आणि घाटात असे घडले तर ते केवळ मालकावर बेतत नाही.

बोल्ट पुसून, नवा वॉशर घालून घट्ट बसवल्यावर हातपंपाने नवे तेल भरायचे. तोंडातून तेल किंचित ओघळू लागले की पातळी भरली. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा हिशेब येथे उलटतो. जादा तेल घुसळून फेसाळते, आतील दाब वाढतो, सीलमधून तेल आसावाटे चाकांकडे जाते आणि ब्रेकच्या लायनरवर उतरते. तेलकट लायनर ड्रमला धरत नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले, तर डिफरन्शियलसोबत ब्रेकही त्याच दिवशी पाहून घ्यावेत. पाणी निघालेल्या गाडीत एकदा बदलल्याने काम पुरे होत नाही. कोपऱ्यांत राहिलेले पाणी नव्या तेलात मिसळते, म्हणून थोडे अंतर चालवून ते पुन्हा तपासावे आणि दुधाळ दिसल्यास पुन्हा बदलावे. ब्रीदरवर साचलेला चिखल काढायला मिनिटभर पुरते. तो राहिला तर बाकीची मेहनत पुढच्या पुरात वाया जाते.

जुने तेल कोठे जाते?

भांड्यात जमलेल्या दोन लिटर काळ्या तेलाचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. काही ठिकाणी ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, काही ठिकाणी स्लॅबच्या शटरिंगच्या पाट्यांना लावतात. उरलेले गटारात किंवा ओढ्यात जाते. कर्जत परिसरातील ओढे उल्हास नदीला मिळतात, खोपोलीकडचे पाताळगंगेला. भिवपुरी आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रांतून सोडलेले पाणी याच दोन नद्यांना मिळते, त्यामुळे त्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. उल्हासचे पाणी पुढे बदलापूर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येते.

वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि त्याचा पुनर्वापर अधिकृत प्रक्रिया केंद्रांतच व्हायला हवा. तेल कंपन्यांवरही १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. एकट्या गाडीमालकाला यात करता येण्याजोगे थोडेच आहे, पण ते अवघड नाही. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुने तेल भरावे, त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेक ऑईल मिसळू देऊ नये आणि डब्यावर ‘जुने’ असे ठळक लिहून, तेल अधिकृत केंद्राकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो द्यावा. कोरा डबा दुकानात परत गेला, तर त्यातूनच भेसळीचे ‘नवे’ तेल विकले जाण्याची भीती असते.