सुई जागेवर राहावी म्हणून

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून किंवा मुंबईच्या ससून डॉकमधून निघणाऱ्या ट्रॉलरच्या पोटात डिझेल इंजिन असते. त्याच्या प्रकृतीचा सगळा हिशेब एका काट्यावर उमटतो, तो म्हणजे पाण्याच्या तापमानाचा काटा. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्साच बोटीचा पंखा फिरवायला कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता धुरावाटे जाते आणि उरलेली बहुतेक थंडाव्याच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. ट्रकच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, बोटीच्या बंद इंजिनघरात तो नसतो. तिथे उष्णता सोपवायची ती समुद्राकडे.

समुद्र मात्र ती फुकट घेत नाही. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले हे पाणी थेट इंजिनात फिरवले, तर त्यातले कॅल्शियमचे क्षार तापलेल्या भिंतींवर बसू लागतात. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, कॅल्शियम सल्फेटचे उलटे आहे: तापलेल्या पाण्यात ते कमी विरघळते आणि थर धरते. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरमध्ये जमतो तसाच हा पांढरा थर उष्णतेची वाट अडवतो. म्हणून समुद्राच्या पाण्यावर थेट चालणारी इंजिने साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवावी लागतात.

डिझेल इंजिनाला मात्र ८० ते ९० अंशांच्या घरात राहायला आवडते. थंड इंजिन म्हणजे सुरक्षित इंजिन, हा समज महागात पडतो. सिलिंडरच्या भिंती गार राहिल्या की इंधन पुरते जळत नाही, काजळी धरते, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. इंधनातल्या गंधकापासून तयार होणारे आम्ल गार भिंतींवर दवासारखे जमून लायनर खाते. जास्त तापलेले इंजिन एका दिवसात हेड गॅसकेट उडवते, सतत गार चालणारे इंजिन तेवढाच घात सावकाश करते. खरे कसब दोन्हींच्या मधला पट्टा सांभाळण्यात आहे.

त्यासाठी पाण्याचे दोन फेरे करण्याची युक्ती निघाली. आतल्या फेऱ्यात गोडे पाणी आणि कूलंट, बाहेरच्या फेऱ्यात समुद्राचे पाणी. दोघांची गाठ हीट एक्स्चेंजरमध्ये पडते. तिथे तांबे-निकेल मिश्रधातूच्या बारीक नळ्यांच्या भिंतीतून उष्णता पलीकडे जाते, पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. आतला फेरा बंद आणि दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांनाही त्यातले पाणी उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते. गाळाने भरलेल्या खाड्यांत तिसरी पद्धत उपयोगी पडते: आतले पाणी बोटीच्या तळाला बाहेरून बसवलेल्या नळ्यांतून फिरवून आणायचे, म्हणजे चिखल इंजिनघरात येतच नाही.

या व्यवस्थेतले सर्वात शहाणे अंग मुठीत मावते, ते म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या धातूच्या कुपीत मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. त्याची परीक्षा घरच्या पातेल्यातही होते. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात असा टांगायचा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी तापमापक ठेवायचा आणि पाणी हळूहळू तापवायचे. कडेवर ८२ कोरलेले असेल तर त्याच सुमारास झडपेची फट दिसू लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत ती पूर्ण उघडते. उशिरा उघडला किंवा अर्धवट अडकला, तर तो बदलायचा. ‘आपल्याकडचे पाणी गरमच, थर्मोस्टॅट हवा कशाला’ म्हणून तो काढून टाकण्याची सवय मात्र घातक आहे. इंजिन गार चालते ते वेगळेच. शिवाय काही रचनांत बायपासची वाट उघडी राहते, पाण्याचा काही भाग थंड न होताच परत फिरतो आणि भर कामाच्या वेळी इंजिन तापते.

दुसरा नाजूक अवयव समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर. त्याला थंडावा आणि वंगण पाण्याचेच. सी-कॉक, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणारा तळाचा कॉक, बंद राहिला किंवा तळाच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी चिकटली, तर कोरड्या घर्षणाने मिनिटा-दोन मिनिटांत त्याची पाती फाटू शकतात. तुटलेले तुकडे पुढे एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकतात, म्हणून नवा इम्पेलर बसवताना जुन्याचा प्रत्येक तुकडा मोजून घ्यावा लागतो. एक्स्चेंजरमधली जस्ताची कांडी गंजाचा घाव स्वतःवर घेते. ती अर्धी झिजली की बदलायची, कारण ती संपल्यावर गंज नळ्यांकडे वळतो.

काटा वाचणे ही वेगळी विद्या आहे. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापमान चढले, तर आधी सी-कॉक, गाळणी आणि इम्पेलर पाहायचे. फक्त पूर्ण वेगात चढत असेल, तर एक्स्चेंजरमध्ये क्षार साचलेले असतात किंवा पंख्यात जाळे अडकून इंजिनावर बोजा पडलेला असतो. तापलेल्या इंजिनाचा काटा अचानक खाली आला, तर ते सर्वात वाईट लक्षण समजावे: आतले पाणी संपून सेन्सर उघडा पडलेला असू शकतो. अशा वेळी थंड पाणी ओतायची घाई केली तर हेडला तडा जातो. उलट, चांगल्या चाललेल्या इंजिनाला भर कामानंतर लगेच बंद करू नये; काही मिनिटे सावकाश चालवले की साठलेली उष्णता पाण्यासोबत निघून जाते.

आपल्या किनाऱ्यावर या सगळ्याची हक्काची वेळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी. या दोन महिन्यांत खारे पाणी आतच साचू दिले, तर चालू इंजिनापेक्षा बंद इंजिनाचेच अधिक नुकसान होते. गोड्या पाण्याने बाहेरचा फेरा धुणे, इम्पेलर काढून ठेवणे, कांडी आणि कूलंट तपासणे, एवढे केले की नव्या हंगामाची सुरुवात निर्धास्त होते. हंगामात आपल्या इंजिनाचा रोजचा आकडा लिहून ठेवावा. नेहमी ८२ दाखवणारा काटा ८७ दाखवू लागला, की धोक्याच्या खुणेला पोहोचायच्या कितीतरी आधी बिघाड कळलेला असतो आणि बंदरात, हातात हत्यारे असताना दुरुस्त करता येतो. ही नोंद ठेवणारा खलाशी बोटीवरच्या सगळ्यांचे प्राण सांभाळत असतो. त्याचे हे ज्ञान प्रत्येक बंदरात नीट शिकवले गेले पाहिजे.