भुरीचं गोत्र

द्राक्षपानावर पीठ भुरभुरल्यासारखी दिसणारी भुरी एरिसिफेसी कुळातली. जिवंत पेशींवरच जगणारी ही बुरशी लैंगिक बीजुकं पिशवीसारख्या धानीत वाढवते. धान्या बारीक, काळसर गोलकांत बंद असतात. त्या गोलकांवरच्या तंतूंवरून पूर्वी वंश ठरत. टोकं आकडीसारखी, म्हणून द्राक्षभुरी अनसिनुला वंशात गेली. डीएनएनं दाखवलं, की तंतूंचे आकार फसवे आहेत. पानावरची अलैंगिक बीजुकं, साखळीनं येणारी की एकेकटी, नात्याची खरी साक्ष देतात. म्हणून २००० साली अनसिनुला एरिसिफे वंशात विलीन झाला.

नावांच्या या खटाटोपाचा बागायतदाराला काय उपयोग, हा आक्षेप रास्त वाटतो. पण द्राक्षावरचा केवडा हा रोगही पांढराच दिसतो, आणि तो मुळात खरी बुरशीच नाही. गंधक भुरीला आवरतं, केवड्याला नाही.