काशीच्या घाटावरील मराठी पहाट

वाचकहो, कार्तिक महिन्यात काशीस जाण्याचा योग आपणांस आला, तर एके दिवशी सूर्योदयाच्या पुष्कळ आधी उठावे आणि पंचगंगा घाटाची वाट धरावी. गंगेवर धुके उतरलेले असते. दगडी पायऱ्या पावलांना गार लागतात. आणि वर काळोखात, उंच बांबूंच्या टोकांना टांगलेल्या टोपल्यांतून आकाशदीप मिणमिणत असतात. हे दीप पितरांची वाट उजळतात, अशी श्रद्धा आहे. अशा वेळी दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांतील अरुंद गल्ल्यांतून टाळांचा मंद नाद आणि त्यामागोमाग भूपाळीचे स्वर कानी येतात. शब्द ऐकून आपण क्षणभर थबकाल. कारण ते मराठी असतात.

गंगातीरी मराठी कोठून आली, असे कोणी विचारील. महाराष्ट्राचा आणि काशीचा संबंध फार जुना आहे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली कार्तिक पौर्णिमेस पूर्ण केले, ते पैठणास नव्हे, तर वाराणसीस. १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. त्यांचे घराणे मात्र मूळचे पैठणचे. पुढे पेशवाईत वेदशास्त्रसंपन्न मंडळी, यात्रेकरू व आश्रित यांची येथे दाट वस्ती झाली. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. पंचगंगेवरील हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. त्याच घाटावर बिंदुमाधव, म्हणजे विष्णू, विराजमान आहे, आणि कार्तिक मास तर विष्णूचाच.

चातुर्मासात निजलेला देव कार्तिक शुद्ध एकादशीस जागा होतो, असे आपण मानतो. म्हणून कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे त्याला गाऊन उठवावयाचे, हा काकडआरतीचा प्रघात. काकडा म्हणजे कापडाला पीळ देऊन तेलात वा तुपात भिजविलेली जाड वात. तिच्या धुरकट उजेडात प्रथम भूपाळ्या, मग संतांचे अभंग, गौळणी व आरत्या होतात. जी परंपरा पंढरपूर, आळंदी आणि महाराष्ट्रातील गावोगावची देवळे सांभाळतात, तीच मराठी कुटुंबांनी आपल्याबरोबर परप्रांती नेली.

या गाण्यात मनाला हुरहूर लावणारे काय आहे? भूपाळीची चाल साधी असते. थोडे स्वर, संथ लय, एकच वळण पुन्हा पुन्हा. ती सभेसाठी रचलेली नाही. निजलेल्याला हळूच जागे करण्यासाठी आहे. त्यामुळे आवाज चढत नाही, आणि काळोखाची शांतता भंगत नाही. होनाजी बाळाच्या जीवनावरील १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाने या गीतप्रकाराची गोडी घरोघर पोहोचविली, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

आश्चर्य वाटेल, परंतु हीच पहाट सातासमुद्रांपलीकडेही आहे. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील केल्टिक वंशाची वेल्श भाषा इंग्रजीहून सर्वस्वी भिन्न आहे. तेथे नाताळच्या दिवशी पहाटे ३ ते ६ च्या दरम्यान, हातांत मेणबत्त्या घेऊन, लोक कडाक्याच्या थंडीत देवळात जमत. या प्रार्थनेस ‘प्लगाइन’ म्हणतात. कोंबड्याचे आरवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव आले. वाद्य नाही, कार्यक्रमाची घोषणा नाही. एखाद्या कुटुंबातील तिघेचौघे उठून पुढे जातात, घरच्या वहीतून वाडवडिलांचे गीत म्हणतात आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसतात. मग दुसरे कुटुंब उठते. एकदा गायिलेले गीत त्या प्रसंगी पुन्हा कोणी गात नाही. त्यामुळे प्रत्येक घराला आपला स्वतंत्र संग्रह जपावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक गावांतून ही प्रथा लोपली. मध्य वेल्समधील माँटगोमरीशायरच्या काही खोऱ्यांनी मात्र ती सोडली नाही. पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले. आज ती बहुधा पहाटेऐवजी सायंकाळी होते. वेळ बदलली, पण भाषा व चाली टिकल्या, कारण घरांनी त्या टिकविल्या.

काशीच्या मराठी घरांपुढेही हाच प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या कुटुंबांतील मुले शाळेत हिंदी शिकतात, गल्लीत बनारसी बोली बोलतात. शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूर जातात. यात दोष कोणाचाही नाही. परंतु अभंग ग्रंथात छापून ठेवता येतो, चाल तशी ठेवता येत नाही. ती एका कंठातून दुसऱ्या कंठात जावी लागते. ज्या पहाटे देवळात केवळ वृद्ध कंठच उरतील, त्या पहाटेपासून तिचे आयुष्य मोजता येऊ लागेल.

आणि ही गोष्ट काशीपुरतीच नाही. वाचकहो, आपण इंदूर, बडोदे, तंजावर अथवा नागपूर, कोठेही राहत असा. आपल्या घरी आजी किंवा एखादी वडीलधारी बाई असेल, तर येत्या कार्तिकात तिला एक भूपाळी म्हणावयास सांगावी. मुलांना जवळ बसवावे. शब्द वहीत उतरून घ्यावेत. मात्र चाल त्यांच्याकडून म्हणवूनच घ्यावी. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री पंचगंगेचा दीपस्तंभ उजळतो, तेव्हा एकेक दिवा स्वतंत्रपणे, हाताने लावलेला असतो. गाणेही असेच, घराघरांतून एकेक लावावे लागते.