उघड्या परसातला मांडव

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. चर्चा झाली ती पोफळी-माडांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या वाड्यांच्या आडोशाला घरामागे दोडकी, पडवळ, कारली वाढत होती. आडोसा गेला आणि पुढच्या पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा थेट वेलांवर येऊ लागला.

पूर्वीचा मांडव साधा. चार मेढी, वर बांबूच्या काठ्या, सुंभाच्या गाठी. पडवळाच्या टोकाला दगड बांधायला खालून हात पोचेल एवढीच उंची. उघड्यावर पडलेल्या परसात तो हलू लागला, तशी बाजारातली नायलॉनची जाळी आली. दोन पाइप रोवले, जाळी ताणली, काम झालं. आषाढापर्यंत ठीक चालायचं. पानं दाटली की तीच उभी जाळी शिडासारखी वारा धरायची. जाळी फाटत नसे. भिजल्या मातीतून पाइपच उपटून निघत आणि सोबत वेलाची मुळंही.

वेल स्वतः मात्र वाऱ्याला पुरून उरतो. कारल्याचा तणावा जवळून पाहा. टोकाने काठी पकडली की मधला भाग वेटोळी घेतो, अर्धी एका दिशेने, अर्धी उलट. झोत आला की तो लांबतो, ओसरला की आखडतो. याच कुळातल्या ब्रायोनीचा कुंपणावरचा वेल सोसाट्याच्या वाऱ्यात कसा टिकतो, हे पाहायला डार्विन मुद्दाम बाहेर पडला होता. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वेलींवरच्या निबंधात ते आलं आहे.

आधारातही तेवढीच लवचीकता हवी, हे हळूहळू अनेक परसांत उमगलं. जाळी वाऱ्याला आडवी न धरता त्याच्या दिशेने, नैर्ऋत्य-ईशान्य लावली जाऊ लागली. मेढींना दोन्ही बाजूंनी ताण आले. जिथे कातळामुळे खड्डा खोल जात नाही, तिथे बुडाशी चिऱ्यांचा ढीग आला. कोवळं खोड नायलॉनने कापतं, म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी आठच्या आकड्यासारखी सैल बांधणं, ही आजीच्या काळची रीत परतली. मला सर्वांत पटला तो गिरिपुष्पाचा खुंट. पावसात तो मुळं धरतो, बांबूसारखा बुडाशी कुजत नाही.

नव्या पोफळी वारा अडवण्याइतक्या वाढायला अजून काही वर्षं जातील. तोवर मेढी मृगाआधी रोवा, आणि वेल मांडवावर चढण्याआधी ताण बांधून घ्या.